शनिवारचा अहवाल कुणासाठी?

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका शिक्षिकेचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात, छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातला गाभा असा :

"मी खाजगी अनुदानित शाळेत सातवी ‘ब’ची वर्गशिक्षिका आहे. पट ५२. यंदा जूनपासून मुख्याध्यापकांनी पाचवी ते आठवीच्या वर्गशिक्षकांना दर शनिवारी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साप्ताहिक अहवाल टाकायला सांगितलंय. तक्ता ठरलेला : विषय, घटक, पूर्ण की अपूर्ण, गृहपाठ, उपस्थिती, शेरा. सगळ्या विषयशिक्षकांच्या मागे फिरून माहिती गोळा करायची आणि तक्ता भरायचा, यात शनिवारचे दोन तास जातात. पालकांकडून येतात ते दहा-बारा जोडलेले हात. कुणी वाचत असेल असं वाटत नाही. जुलैत एकदा मी शेऱ्याच्या रकान्यात गृहपाठ न केलेल्या सात मुलांची नावं टाकली. तेवढा एक अहवाल मात्र सगळ्यांनी वाचला. त्यातल्या एकाला वडिलांनी पट्ट्यानं मारलं. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही, आणि आल्यापासून माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याची आई येऊन एवढंच म्हणाली, ‘मला फोन करायचा हुता की बाई, गुरूपवर कशाला टाकलं?’ हा अहवाल बंद करा असं मुख्याध्यापकांना सांगू का? आणि चालूच ठेवायचा असेल तर त्यात लिहू तरी काय?"

नमस्कार बाई,

तुमची मुलं तुम्हाला ‘मॅडम’ म्हणत असतील. मी जुन्या वळणाची निवृत्त मास्तरीण आहे, बाईच म्हणते.

अहवालाचं नंतर बोलू. आधी तो मुलगा.

नावं टाकायला नको होती, हे तुम्हाला कळलेलं आहे म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. तरी नेमकं काय बिघडलं ते सांगते. गृहपाठ राहिला ही गोष्ट तुमच्या आणि त्या पोराच्या मधली होती. ग्रुपवर पडल्यावर ती भावकीतली झाली. तालुक्याच्या ठिकाणी ५२ पालकांच्या ग्रुपवर कुणाचा चुलता असतो, कुणाची आत्या असते, डेअरीवर रोज भेटणारे चौघे असतात. त्या बापाला गृहपाठाचा एवढा राग आला नसणार. चारचौघांत नाव निघालं, त्याचा आला. म्हणून त्याचं मारणं माफ होत नाही, ते त्याचं पाप त्याच्यापाशी. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. आपण छडी कधीच कपाटात ठेवली. अशी यादी म्हणजे घरपोच पाठवलेली छडी.

सोमवारी त्याला ऑफिसात बोलावू नका. मधल्या सुट्टीत नळापाशी नाहीतर मैदानाच्या कडेला गाठा आणि म्हणा, "तुझं नाव मी ग्रुपवर टाकायला नको होतं. माझं चुकलं." तेवढंच म्हणून निघून या. गृहपाठाचा विषय त्याच दमात काढू नका. "माझं चुकलं, पण तूसुद्धा..." हे वाक्य तेरा वर्षांचं पोर ‘पण’च्या पुढूनच ऐकतं. तो लगेच हसेल, बोलेल अशी आशा धरू नका. त्याला वेळ लागेल, लागू दे. उरलेल्या सहा जणांनाही असंच एकेकटं गाठून सांगा. त्यांच्या घरी काय झालं ते आपल्याला माहीत नाही, कारण त्यांच्या आया शाळेत आल्या नाहीत. आणि ग्रुपवर एक ओळ टाका : यापुढे कुठल्याही मुलाचं नाव तक्रारीसाठी इथे येणार नाही. वडिलांशीही बोला, शक्य तर आईसमोर. मारणं पुन्हा झालं तर मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन पुढे जावं लागेल. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा, कुणासाठी ते सांगायची गरज नाही.

आता अहवाल. बंद करा असं सांगू नका. कायद्याचं कारण आधी सांगते, ते छोटं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि झालेली प्रगती त्यांना सांगायची, हे त्यांत आहे. सातवी त्या कायद्यात येते. म्हणजे पालकांना सांगणं तुम्हाला चुकणार नाही. पण त्या कलमात तक्ताही नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपही नाही. त्यात बैठक आहे, समोरासमोर बसणं आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हे उपयोगी पडेल.

दुसरं कारण मोठं आहे. ते वयाचं.

दुसरीतलं मूल दप्तर टाकायच्या आधी सगळं सांगून मोकळं होतं : कुणी कुणाला ढकललं, बाईंनी कुठली साडी नेसली होती, खिचडीत काय होतं. तेच मूल सहावी-सातवीत गेलं की आई विचारते, "काय झालं रे शाळेत आज?" आणि उत्तर येतं, "काय न्हाय." सहा तास, आठ तासिका, पन्नास पोरं, दोन भांडणं, एक गुपित, आणि उत्तर ‘काय न्हाय’. यात मुलाचं काही बिघडलेलं नसतं. ते मोठं होत असतं, आपली एक खोली स्वतःपुरती बंद करत असतं. पण आईबापांना वाटतं, शाळेत खरंच काही होत नाही, किंवा पोरगं हातचं गेलं. नेमकं याच वयात विषयशिक्षक वेगळे होतात, अभ्यास आईबापांच्या आवाक्याबाहेर जायला लागतो, आणि वही तपासायला मागितली तर मूल फणकारतं. घराला शाळेची खबर लागते ती थेट प्रगतिपुस्तकातून. तोवर उशीर झालेला असतो.

शनिवारच्या मजकुराला मग एवढं एकच काम द्या : घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात असा एक प्रश्न ठेवायचा, ज्याला ‘काय न्हाय’ हे उत्तर चालणार नाही. तुम्ही जे काही लिहाल ते या कसोटीवर घासून बघा. "गणित : मसावि-लसावि, पूर्ण." नववीत शाळा सुटलेल्या आईनं या ‘पूर्ण’चं काय करायचं? हात जोडायचे. तेच त्या करताहेत. त्यांचं काही चुकत नाही.

तुमचा तक्ता पालकांसाठी लिहिलेलाच नाही, तो तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आहे. हा आपल्या सगळ्यांचा रोग. सरल, यू-डायस, अपार आयडी या सरकारी ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची रोजची माहिती, इतके रकाने भरून भरून हाताला रकान्यांचीच सवय लागते. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद शिक्षकानं स्वतःच्या नजरेनं लिहावी अशी कल्पना होती. चांगली होती. दोन वर्षांत बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि मीही त्यातून उतरवायला लागले. ‘दिलेल्या सूचना समजून घेतो’ हे वाक्य मी किती पोरांच्या नावापुढे लिहिलं असेल, देव जाणे. त्यातल्या निम्म्यांना मी एकही सूचना दिलेली नव्हती. तेव्हा तुम्हाला टोचून बोलण्याचा अधिकार मला नाही, पण रोग ओळखीचा आहे एवढं सांगू शकते.

आता तुमचे पालक कोण आहेत ते डोळ्यांपुढे आणा. तुमच्या पत्रात एक ओळ जाता जाता आली आहे : "पंधरा-सोळा जणांचे वडील गलाईला बाहेर आहेत." मी तिथेच थांबले. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनंचांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पांगली आहेत, तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत. मूल इथे आईपाशी नाहीतर आजीपाशी, बाप तिकडे दुकानात, सणाला किंवा जत्रेला गावी. त्या बापाला तुमच्या ग्रुपवरचा मजकूर म्हणजे पोराच्या रोजच्या जगण्याचा एकमेव झरोका आहे. रविवारी तो व्हिडिओ कॉल करतो आणि विचारतो, "अभ्यास कसा चाललाय?" पोरगं म्हणतं, "बरा." पुढे दोघंही गप्प. त्या गप्प बसलेल्या दोघांसाठी लिहा. दुसरा पालक विट्यात यंत्रमागावर पाळीत आहे, त्याचा फोन रात्री चालू होतो. तिसरी आजी आहे, तिला वाचता येत नाही. चौथा बागायतदार, ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की तो महिनाभर फोनवर फक्त औषधवाल्याशी बोलतो. आणि निम्म्या घरांत तुमचा संदेश सगळ्यांत आधी वाचतो तो तुमचाच विद्यार्थी, कारण घरातला फोन संध्याकाळी त्याच्याच हातात असतो. नको असलेलं तो पुसूनही टाकतो. म्हणून मजकूर असा हवा की पुसावासा वाटू नये.

लिहायचं कसं, ते सांगत बसण्यापेक्षा लिहूनच दाखवते. तुमच्या सातवीच्या पुस्तकांवरून बेतलंय.

"सातवी ‘ब’ : शनिवारचं पत्र

पालकहो, नमस्कार.

या आठवड्यात गणितात लसावि शिकलो. घरात सगळ्यांनी सोडवायचं एक कोडं : सकाळी ८ वाजता स्टँडवरून एसटी आणि वडाप एकदम सुटले. एसटी दर ४० मिनिटांनी आहे, वडाप दर १५ मिनिटांनी. दोन्ही पुन्हा एकदम किती वाजता सुटतील? उत्तर आम्ही सांगणार नाही. मुलांना विचारा, आणि कसं काढलं तेही विचारा.

विज्ञानात अन्न टिकवण्याच्या पद्धती चालू आहेत. आपल्या घरी लोणचं, सांडगे, मुरांबा यांतलं काय केलं जातं आणि ते खराब का होत नाही, हे घरातल्या जुन्या माणसाला विचारून पाच ओळी लिहायच्या आहेत. बुधवारपर्यंत.

कंपासनं कोन काढताना बऱ्याच जणांचा हात अजून बसलेला नाही. पेटीतल्या कंपासचा स्क्रू ढिला असेल तर घट्ट करून द्या, निम्मी अडचण तीच आहे.

घटक चाचणी पुढच्या सोमवारपासून. वेळापत्रक गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून दिलं आहे.

काही विचारायचं असेल तर सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ६ मला फोन करा.

वर्गशिक्षिका, ७ वी ‘ब’"

मोजा. दीडशे शब्दही नाहीत. सात विषयांपैकी दोनच आले, बाकीचे पुढच्या शनिवारी येतील. सगळे विषय दर आठवड्याला आलेच पाहिजेत हा हट्ट सोडला की दोन तासांचे वीस मिनिटं होतात. सहावी ते आठवीच्या शाळेला कायद्यानं वर्षाला किमान २२० दिवस धरले आहेत, म्हणजे साधारण ३७ शनिवार. दोन-दोन तासांप्रमाणे तुमचे वर्षाचे ७४ तास त्या तक्त्यात जातील. एवढ्या वेळात ५२ घरांना भेटून येता येईल.

त्या मजकुरात आणखी एक गोष्ट बघा. ‘हात बसलेला नाही’ असं लिहिलंय, पण कुणाचा ते नाही. वर्गाची अडचण सांगितली आणि पालकाला करता येईल असं एक काम सोबत दिलं. ‘पाल्याकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य या पत्रात कधीही येऊ देऊ नका. पालक विचारतात, कुठे लक्ष द्यावं? आपल्याकडे उत्तर नसतं. स्क्रू घट्ट करा, हे उत्तर आहे. पुढे ‘बँक व सरळव्याज’ हा घटक येईल तेव्हा लिहा की घरचं पासबुक मुलांना एकदा उघडून दाखवा, व्याजाची नोंद कुठली ते त्यांनाच शोधू द्या. समप्रमाण-व्यस्तप्रमाण येईल तेव्हा विचारा, बागेत चार माणसांनी सहा दिवसांत होणारं काम आठ माणसं किती दिवसांत करतील? त्यावर आईच हसून सांगेल की माणसं वाढली की गप्पा वाढतात, हिशेब जुळत नाही. सांगू दे. घरात गणितावर बोलणं झालं ना?

एक माहिती मात्र गप्पागोष्टीत न गुंडाळता सरळ, ठळक द्या, आणि वर्षातून तीनदा द्या. सातवी संपून आठवी लागली की तुमच्या मुलांना एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा देता येते, कारण शाळा अनुदानित आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये शिष्यवृत्ती, चार वर्षांचे ४८,०००. अट अशी की पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५० टक्के. सातवीत! आठवीत शिक्षक फॉर्म भरायला बसतात आणि तेव्हा पालकांना कळतं की गेल्या वर्षीच्या गुणांवर पोरगं बाद झालं. ही ओळ तुमच्या तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसली असती? उत्पन्नाचा दाखला ऐनवेळी मिळत नाही, त्यासाठी खेटे घालावे लागतात, हेही त्याच पत्रात सांगा. माझ्या मते सातवीच्या वर्गशिक्षिकेनं वर्षभरात एवढं एकच पत्र पाठवलं तरी पगार फिटला.

आता एकेकट्या मुलाबद्दल जे सांगायचं असतं त्याचं काय? ते असतंच, आणि गोड बोलून टाळण्यासारखं नसतं. अमेरिकेत मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांनी केलेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नापास झालेले विषय उन्हाळी वर्गात पुन्हा शिकणारी हायस्कूलची मुलं, म्हणजे तुमच्या मुलांपेक्षा मोठी. शिक्षकांनी आठवड्याला एक वाक्य लिहायचं, ते प्रत्येक मुलाच्या घरी स्वतंत्रपणे पोचवायचं. एवढ्यानं त्या वर्गात पुन्हा अपयशी ठरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. काही घरांना चांगलं काय चाललंय ते कळवलं, काही घरांना कशात सुधारणा करता येईल ते. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचा परिणाम जास्त दिसला. घरात त्यामुळे बोलण्याचा विषय बदलला, असं त्यांचं म्हणणं. देश वेगळा, वय वेगळं, तरी मला यातलं ‘स्वतंत्रपणे’ आणि ‘एक वाक्य’ हे दोन शब्द पटतात. त्या आईनं तुम्हाला अगदी हेच सांगितलं होतं, प्रयोग न करता.

तेव्हा आठवड्याला तीन घरं धरा. तीन फोन, प्रत्येकी तीन-चार मिनिटं. ५२ घरं सतरा-अठरा आठवड्यांत होतात, म्हणजे वर्षात प्रत्येक घराला दोनदा. पटाच्या क्रमानं करा, नाहीतर आपण आधी खोडकरांना गाठतो आणि शांत बसणारी मुलगी मार्चपर्यंत तशीच राहते. पहिल्या फोनला तक्रार नको. शाळेतून फोन आला म्हणजे काहीतरी वाईट, हे पालकांच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की आवाज ऐकूनच ते घाबरतात. माझ्या एका विद्यार्थ्याची आई, मी तिला शाबासकी सांगायला बोलावलं होतं, तर ती येतानाच डोळे पुसत आली. ‘मुलगा चांगलं वाचतो’ एवढं ऐकायला तिला पाच मिनिटं लागली. आणि सांगायचं ते मुलाला आधी सांगा : "आज मी तुझ्या घरी फोन करणार आहे, हे हे बोलणार आहे." या वयात पाठीमागून बोललेलं जन्मभर लक्षात राहतं.

शनिवारचं पत्र एकटीनं लिहू नका. मुलांकडून लिहून घ्या. दर आठवड्याला दोन वार्ताहर नेमा, शुक्रवारच्या शेवटच्या तासिकेला त्यांनी वहीत आठवड्याची बातमी लिहायची, तुम्ही दुरुस्त करून टाईप करायची, खाली दोघांची नावं. ग्रुपवर नाव यायचंच असेल तर ते असं यावं. ५२ मुलं, दोघं दोघं, २६ आठवड्यांत सगळ्यांची पाळी. मराठीच्या तासाला बातमीलेखन शिकवतोच आपण, ते एरवी परीक्षेच्या पाच गुणांत मरतं. पहिल्या वेळी ती पेपरातल्यासारखं लिहितील, ‘उत्साहात संपन्न झाले’ वगैरे. ते खोडा. "वाऱ्याचा धडा चालू असताना खिडकीचं दार आपटून काच फुटली आणि सर म्हणाले, हे बघा, वारा" असलं काही आलं की ठेवा. हे पत्र घरचे वाचतील, शेजाऱ्यालाही दाखवतील. वार्ताहर मुलाच्या घरी तर त्या दिवशी गलाईवाल्या बापाच्या दुकानातही ते वाचलं जाईल.

वाचता न येणाऱ्यांसाठी तेच पत्र मोठ्यानं वाचून मिनिटभराचा ध्वनिसंदेश टाका, तोही वार्ताहरांच्याच आवाजात. आजीला अक्षर कळलं नाही तरी पोराचा आवाज कळतो. बोली बदलू नका. ज्यांच्याकडे फोन नाही किंवा रिचार्ज संपलाय, आणि प्रत्येक वर्गात असे पाच-सहा जण असतातच, त्यांच्यासाठी शुक्रवारी कोडं आणि तारखा फळ्यावर लिहून सगळ्यांनाच वहीत उतरवायला सांगा. फक्त त्या पाच-सहा जणांना चिठ्ठी दिलीत तर कुणाकडे फोन नाही ते वर्गाला कळेल.

ग्रुपचं थोडक्यात. संदेश फक्त अ‍ॅडमिनला पाठवता येतील अशी सेटिंग करून टाका, म्हणजे सुप्रभात, लग्नपत्रिका आणि ‘आमच्या पोराला मागं बसवलं’ सगळं थांबेल. लोक रागावतील आठवडाभर. तुमची ५ ते ६ ची वेळ त्यासाठीच आहे, आणि ती पाळा, रात्री साडेदहाला आलेल्या प्रश्नाला सकाळी उत्तर द्या. फोटोंबद्दल तुम्ही लिहिलंय की एक पालक दर वेळी विचारतात, आमची मुलगी फोटोत का नाही. सोपा उपाय, चेहऱ्यांचे फोटो टाकूच नका. फळ्याचा टाका, मुलांनी केलेल्या तक्त्याचा टाका, लोणच्याच्या बरण्यांचा टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी सातवीतल्या मुलींचे फोटो ५२ फोनांत का जावेत? हजेरीच्या नोंदी आणि गुणही त्याच कारणानं ग्रुपवर नकोत.

राहिले मुख्याध्यापक. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, त्यांनाही वरून कुणीतरी विचारत असतं. त्यांना पुरावा हवाय की शाळा पालकांना कळवते. तो पुरावा त्यांना द्या : शनिवारच्या पत्राची छापील प्रत एका फाइलीत, सोबत केलेल्या तीन फोनांची तारीख. "दिवाळीपर्यंत फक्त सातवी ‘ब’ला असं करू द्या, तक्ता हवा तर मी महिन्यातून एकदा ऑफिसला देते," असं म्हणून बघा. नाही म्हणाले तर तक्ता भरा, पण वर हे पत्र जोडा. तक्ता आपोआप गळून पडतो, मी बघितलंय. विषयशिक्षकांच्या मागे फिरण्याऐवजी शिक्षकखोलीत एक कागद चिकटवा, शुक्रवारपर्यंत प्रत्येकानं फक्त एक ओळ लिहायची : ‘या आठवड्यात घरी विचारण्यासारखं काय?’ भूगोलवाले सर पहिल्यांदा ‘हवेचा दाब पूर्ण’ असं लिहितील. त्यांना चहा पाजा आणि परत लिहायला लावा.

पहिलं पत्र गेलं की त्याची एक प्रत मलाही पाठवा. आणि एसटी-वडापाचं उत्तर किती घरांतून आलं ते कळवा. कुणीतरी नक्की लिहील की आमच्या गावची एसटी कधीच वेळेवर सुटत नाही, तेव्हा हे गणितच चुकीचं आहे. त्या घरात पत्र नीट वाचलं गेलं असं समजा.